जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट एकत्र: खरी कामं लिनक्स टाकण्याच्या आधीची

थोडक्यात प्रश्न असा: इंदूरला रामबागेतल्या घरी २०१३ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. एच६१ मदरबोर्ड, आय३ ३२२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ होतं, त्याचं पुढे विंडोज १० झालं. वडिलांच्या दुकानाची टॅली त्यावर चालते आणि जुना लेसर प्रिंटरही त्यालाच जोडलेला आहे. धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी लिनक्स हवं आहे. डी ड्राइव्ह आक्रसून १०० जीबी जागा मोकळी केली, पण लिनक्स मिंटच्या (लिनक्सचा एक प्रकार) इन्स्टॉलरने ती 'अनयूजेबल', म्हणजे न वापरता येणारी, म्हणून दाखवली. टॅलीला धक्का न लागता दोन्ही कसं चालवायचं?

दुखणं त्या 'अनयूजेबल' शब्दातच आहे. जागा खराब झालेली नाही. तुमच्या डिस्कवर जुन्या पद्धतीचा एमबीआर तक्ता (डिस्कच्या वाट्यांची, म्हणजे पार्टिशनची यादी) आहे आणि त्यात प्रायमरी पार्टिशनच्या नोंदींना फक्त चार खणं असतात. तुमची चारही भरलेली दिसतात. पहिलं १०० एमबीचं 'सिस्टम रिझर्व्ड', दुसरं सी, तिसरं विंडोज १० ने अपग्रेड होताना सीच्या शेपटाकडून कापून घेतलेलं सुमारे ५०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, चौथं डी. त्या तिसऱ्याची घरात कुणाला गंधवार्ता नसते, कारण त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि ते 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. मागे कितीही जागा मोकळी असली तरी तिचा पत्ता लिहायला पाचवं खण नाही, म्हणून इन्स्टॉलर ती वापरू शकत नाही.

इथेच बहुतेकांचा दुसरा घात होतो. मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून विंडोजमधूनच नवीन व्हॉल्यूम करायला गेलात, तर डिस्क मॅनेजमेंट विचारतं की डिस्क 'डायनॅमिक' करू का. तिथे 'नो' म्हणायचं. 'येस' म्हटलंत तर पार्टिशनच्या पट्ट्या निळ्याच्या सोनेरी होतात, विंडोज तसंच चालत राहतं, म्हणून काही बिघडलं असं वाटत नाही. पण लिनक्सचा इन्स्टॉलर अशा डिस्कला हात लावू शकत नाही, आणि परत 'बेसिक' करायची तर विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात.

पार्टिशनकडे वळण्याआधी एक सल्ला. शक्य असेल तर एका डिस्कचे वाटे करूच नका. २४० जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घ्या आणि लिनक्स पूर्ण त्यावर टाका. विंडोज, टॅली, सी, डी सगळं जुन्या हार्ड डिस्कवर जसंच्या तसं राहू द्या. एच६१ चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटवाले, म्हणजे दुसऱ्या पिढीचे असतात. तिथे एसएसडी सेकंदाला साधारण २७० एमबीच्या पुढे जात नाही. खोक्यावर छापलेले ५०० तुम्हाला मिळणार नाहीत, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रोजच्या कामातला फरक सलग वेगाचा नसतो, छोट्या छोट्या हजार फायली इकडून तिकडून उचलण्याचा असतो, आणि तिथे हार्ड डिस्कची सुई फिरत बसते.

आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एसएसडीबरोबर साटा डेटा केबल मागून घ्या, ती सहसा खोक्यात येत नाही. एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) साटा पॉवरची मोकळी पिन आहे का ते आधी कॅबिनेट उघडून बघा. नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड मिळतो. मात्र ज्याचं टोक एकसंध ओतीव प्लॅस्टिकचं असतं तो घेऊ नका. त्यात आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळल्याचे प्रकार होतात. तार वरून दाबून बसवलेली, मागे उघडता येणारी टोपी असते तो घ्या.

दोन डिस्क असल्या तर काम असं: मशीन बंद करून प्लग काढा, हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा, एसएसडी जोडा, पेनड्राइव्हवरून लिनक्स टाका. समोर एकच डिस्क असल्यामुळे चुकीच्या जागी काही लिहिलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मग हार्ड डिस्क परत जोडा, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) एसएसडी पहिली करा, लिनक्स सुरू करून टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. सुरुवातीला कोणती सिस्टम उघडायची हे विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत विंडोज येऊन बसेल. उद्या एसएसडी मेली तरी वडिलांची टॅली हार्ड डिस्कवरून पूर्वीसारखी उघडेल. हा एक मुद्दा बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा आहे.

आता खर्च न करता एकाच डिस्कवर करायचं असेल तर पुढे वाचा. दोन डिस्कवाल्यांनाही यातलं बरंचसं लागेल.

पहिलं काम मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटण बॅटरी बदलणं. इतक्या वर्षांच्या बोर्डात ती संपलेली नसेल तर नवल. मशीन प्लगमधून काढलं की तारीख मागे जाते हे तुम्ही पाहिलं असेल, पण गोष्ट तारखेवर थांबत नाही. बॅटरी गेली की बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात: कुठून सुरू व्हायचं तो क्रम, आणि साटाचा मोडही (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो: जुन्या आयडीई पद्धतीने की नव्या एएचसीआयने). एएचसीआयवर टाकलेलं विंडोज एके सकाळी आयडीई मोडमध्ये उठवलं गेलं की निळा पडदा येतो, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि घरात सगळे म्हणतात लिनक्स टाकल्यामुळे बिघडलं. लिनक्सकडेही मागची तारीख चालत नाही. सॉफ्टवेअरच्या याद्या 'अजून वैध झालेल्या नाहीत' म्हणून नाकारल्या जातात आणि ब्राउझर प्रत्येक साइटला प्रमाणपत्राची तक्रार करतो. बॅटरी काढण्याआधी बायोसमधल्या साटा मोडच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि नवी घातल्यावर तेच परत लावा.

दुसरं, डिस्कची प्रकृती. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन विंडोजमध्ये चालवा आणि तीन ओळी बघा: ०५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा बाकी असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. ०५ चा आकडा थोडा असला आणि महिनोन्‌महिने तेवढाच राहिला तर काम चालतं. सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर पार्टिशनला हातही लावू नका. आक्रसताना हजारो फायली जागच्या हलतात आणि आजारी डिस्क तिथेच दम तोडते. अशा वेळी आधी डेटा बाहेर, मग नवी डिस्क. दुसरा पर्याय नाही.

तिसरं, टॅलीचा बॅकअप, आणि तोही दोन ठिकाणी. टॅलीप्राइम सहसा डेटा सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स', 'पब्लिक', 'टॅलीप्राइम', 'डेटा' या वाटेवर ठेवते, पण बऱ्याच दुकानदारांकडे तो डीवर हलवलेला असतो. कंपनी उघडल्यावर वाट कुठली दाखवते ते वाचून मगच कॉपी करा. टॅलीच्या आतला बॅकअप घ्या आणि शिवाय पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. कधी विंडोजच नव्याने टाकायची वेळ आली तर आधी लायसन्स सरेंडर करायचं असतं. आत्ताच्या कामात त्याची गरज नाही.

यूपीएस चालू स्थितीत हवा. पार्टिशन आक्रसत असताना वीज गेली तर नुकसान नक्की कुठे झालं हे शोधणंही कठीण.

आता विंडोजच्या आतली तयारी. 'एमएसइन्फो३२' चालवा आणि 'बायोस मोड' ही ओळ वाचा. तुमच्याकडे 'लेगसी' असणार. एच६१ बोर्डांना बहुधा यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, लेगसी म्हणजे जुनी) येतं, पण विंडोज ७ त्या काळी लेगसी पद्धतीनेच टाकलं जायचं. ही ओळ कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळं तिच्यावर अवलंबून आहे. डिस्कला जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेला नवा तक्ता) करून यूईएफआयवर नेण्याची सूचना तुम्हाला कुणीतरी देईलच. २ टीबीपेक्षा लहान डिस्कवर आणि इतक्या जुन्या बोर्डावर त्यातून फारसं काही मिळत नाही. चालतं आहे ते मोडू नका.

मग फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' म्हणजे पूर्ण झोप नसते. आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवून मशीन बंद होतं, म्हणजे सी ड्राइव्ह अर्धवट उघड्या वहीसारखा राहतो. लिनक्सला तो तसा सापडला तर एक तर फक्त वाचायला मिळतो, किंवा जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज उठल्यावर आपली जुनी आठवण त्यावर पुन्हा गिरवतं आणि फायली बिघडतात. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश एच, स्पेस, 'ऑफ' एवढं इंग्रजीत टंका. फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही जातात आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवर दीडेक जीबी जागाही सुटते. त्यानंतर सीवर आणि डीवर चेकडिस्क चालवा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा.

सी आक्रसायचा असेल आणि विंडोज म्हणत असेल की ५ जीबीच्या वर देता येणार नाही, तर कारण बहुतेक वेळा मध्येच बसलेली एखादी न हलणारी फाइल असते: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टम रिस्टोअरचे जुने बिंदू. हायबरनेशन वर गेलंच. सिस्टम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, डीफ्रॅग करा आणि परत आक्रसून बघा. झालं की दोन्ही पुन्हा चालू करायला विसरू नका. ४ जीबीवर पेजफाइलशिवाय टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले की विंडोज गुदमरतं.

तुमच्या बाबतीत मात्र सीला हात लावायची गरज नाही, खण मोकळं करायचं आहे डीचं. डीवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झालं एवढ्यावर समाधान मानू नका, चार-पाच फायली तिथूनच उघडून बघा, एखादा मोठा व्हिडिओही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी डिलीट करा. आता प्रायमरी तीनच उरले. मोकळ्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्या आणि आकार २०४८०० एमबी लिहा, म्हणजे नेमके २०० जीबी. अक्षर पुन्हा डीच द्या, नाहीतर टॅली आणि डेस्कटॉपवरचे शॉर्टकट जुनी वाट शोधत बसतील. तीन प्रायमरीनंतरचं चौथं करताना विंडोज आपणहून 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करतं आणि नवा डी त्याच्या पोटात 'लॉजिकल' म्हणून बसवतं. गडद हिरव्या चौकटीत निळसर डी आणि शेजारी उजळ हिरवी 'फ्री स्पेस' असं दिसलं की काम बरोबर झालं. ती उजळ हिरवी जागा तशीच ठेवा. काळी 'अनॲलोकेटेड' पट्टी आणि ही हिरवी जागा यांत हाच फरक आहे. एक्स्टेंडेडच्या पोटात लॉजिकल पार्टिशन हवी तितकी करता येतात, तिथे चारची मर्यादा नाही. लिनक्सला प्रायमरी लागत नाही, लॉजिकलवरूनही ते बिनतक्रार सुरू होतं. ५०० जीबीची डिस्क विंडोजला ४६५ दिसते. त्यातून सीचे दीडशे आणि डीचे दोनशे गेले तरी लिनक्सला शंभराच्या वर उरतात, कॉलेजच्या कामाला भरपूर.

डीचा डेटा लगेच परत आणा, पण बाहेरची प्रत सगळं सुरळीत चालेपर्यंत पुसू नका.

लिनक्स कोणतं, यावर वाद घालणारे रात्र काढतात. ४ जीबी रॅमवर लिनक्स मिंट २२ मालिकेची एक्सएफसीई आवृत्ती घ्या आणि विषय संपवा. उबंटू २४.०४ च्या पायावर असल्यामुळे तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, आणि कॉलेजच्या नोट्समध्ये उबंटूसाठी दिलेल्या कमांड तिच्यावर जवळजवळ सगळ्या तशाच चालतात. सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी आहे, पण ती ८ जीबी रॅम झाल्यावर. रॅम वाढवायची तर डीडीआर३ १६०० ची ४ जीबीची आणखी एक कांडी घ्या. एच६१ वर सहसा दोनच खाचा असतात. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ कांड्या इंटेलच्या बोर्डावर सुरूच होत नाहीत, म्हणून परत घेण्याची बोली करूनच घ्या. जुनी कांडी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसून घ्या.

कुणाचं विंडोज ३२ बिटचं असेल तर घाबरू नका. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही २ जीबी रॅमच्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं सर्रास आढळतं, आणि कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटचाच आहे. प्रोसेसरच खरोखर ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ हाती राहतं, डेबियन १३ ने ३२ बिटच्या पीसीसाठीचा इन्स्टॉलर काढून टाकला आहे.

मिंटची आयएसओ (इन्स्टॉलरची) फाइल ३ जीबीच्या आसपास आहे, म्हणजे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. इंटरनेट मध्येच तुटून अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या ऐन मध्यात दगा देते. रुफसमध्ये (ती फाइल पेनड्राइव्हवर चढवणारं साधन) पार्टिशन स्कीम 'एमबीआर', फाइल सिस्टम 'फॅट३२', आणि विचारलं तर 'आयएसओ मोड'. याच बैठकीत दुसऱ्या पेनड्राइव्हवर विंडोज १० चा इन्स्टॉलरही करून ठेवा. तो लागेल तेव्हा करायला चालू मशीन घरात असेलच असं नाही.

पेनड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी पोर्टात लावा. एच६१ चिपसेटमध्ये यूएसबी ३ मुळात नाहीच. निळे पोर्ट असले तर ते वेगळ्या चिपवर चालतात आणि बायोसला सुरुवातीला ती चिप बऱ्याचदा दिसत नाही. 'पेनड्राइव्ह दाखवतच नाही' या तक्रारीचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. बूट मेन्यूची कळ बोर्डागणिक वेगळी: गिगाबाइटला एफ १२, एसूसच्या बोर्डाला एफ ८, इंटेलच्या बोर्डाला एफ १०. ब्रँडेड मशीनमध्ये डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९.

त्या मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नावापुढे 'यूईएफआय' लावून आणि एकदा नुसता. तुमचं विंडोज लेगसी आहे, म्हणून नुसता निवडायचा. डुअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टम) फसण्याचं एक मोठं कारण हेच. एक सिस्टम लेगसी आणि दुसरी यूईएफआय अशी झाली की ग्रबला विंडोज सुरू करता येत नाही, आणि दरवेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलण्याची वेळ येते. मिंट पेनड्राइव्हवरून उघडल्यावर खात्री करून घ्या. फाइल मॅनेजरमध्ये मूळ फोल्डरातल्या 'सिस'मध्ये जा, त्यात 'फर्मवेअर'. तिथे 'ईएफआय' नावाचं फोल्डर दिसलं तर तुम्ही चुकीच्या दाराने आत आला आहात. बंद करा आणि परत या. तेही विसरलात तर इन्स्टॉलर स्वतः 'फोर्स यूईएफआय इन्स्टॉलेशन' असं विचारू शकतो, तिथे 'गो बॅक'.

पडदा काळाच राहिला तर जुनं ग्राफिक्स कार्ड असण्याची शक्यता जास्त. मिंटच्या मेन्यूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या एनव्हिडिया कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर चालत नाहीत, तिथे सोबत येणाऱ्या नूवो ड्रायव्हरवर भागवावं लागतं. आय३ मधल्या इंटेल ग्राफिक्सला हा त्रास नाही.

इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा 'रेड' मोडवर असण्याची शक्यता आहे. हे ब्रँडेड मशीनमध्ये होतं, एच६१ वर आयडीई किंवा एएचसीआय एवढंच. आयडीईवरून एएचसीआयला जायचं झालं तर सरळ बायोस बदलू नका. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग'मधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ बूट काढून टाका. विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर लावून घेतं. जुन्या डिस्कसाठी हा बदल सक्तीचा नाही, एसएसडी लावणार असाल तर करून घ्या.

प्रत्यक्ष इन्स्टॉलमध्ये सांगण्यासारखं एकच पान आहे. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' सोपं दिसतं, पण ते कुठलं पार्टिशन किती कापेल हे तुमच्या हातात पुरतं राहत नाही. 'समथिंग एल्स' घ्या. यादीत 'फ्री स्पेस' दिसेल, त्यावर बेरजेचं चिन्ह दाबा: प्रकार लॉजिकल, 'एक्स्टी४', माउंट पॉइंट म्हणजे नुसती एक स्लॅश. सगळी जागा यालाच द्या. 'होम' (आपल्या फायलींची जागा) वेगळं ठेवावं असं पुस्तकी उत्तर आहे, पण शंभर जीबीत एक बाजू भरते आणि दुसरी रिकामी राहते. स्वॅपसाठी पार्टिशन नको, मिंट स्वॅपफाइल करून घेतं. एनटीएफएसच्या (म्हणजे विंडोजच्या) कुठल्याही ओळीसमोर 'फॉरमॅट'च्या चौकोनात खूण नाही हे बोट ठेवून तपासा.

त्याच पानाच्या तळाशी 'बूट लोडर कुठे टाकायचा' अशी पट्टी आहे. तिथे पूर्ण डिस्क निवडायची, म्हणजे 'एसडीए'. मागे आकडा लागलेलं 'एसडीए१' नव्हे. आणि एसडीए म्हणजे तुमची हार्ड डिस्कच, असं गृहीत धरू नका. कधी पेनड्राइव्हला ते नाव मिळतं आणि ग्रब पेनड्राइव्हवर जाऊन बसतो. मग लक्षण मजेदार असतं: पेनड्राइव्ह लावला तर दोन्ही सिस्टम दिसतात, काढला तर थेट विंडोज. नावासमोरचा आकार आणि कंपनी वाचून निवडा. ५०० जीबीवाली आपली.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर ग्रबच्या यादीत विंडोज दिसलं नाही तर टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. 'ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही' असा इशारा आला तर 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब' ही फाइल सुडोने उघडा, 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' ही ओळ 'फॉल्स' करा आणि पुन्हा चालवा. त्याच फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट'ला 'सेव्हड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट'ला 'ट्रू' करून ठेवा, म्हणजे मागच्या वेळी जे उघडलं होतं तेच पुन्हा आपोआप उघडतं. वडील रोज विंडोजच वापरत असतील तर त्यांना बाणाच्या कळा शोधाव्या लागत नाहीत.

विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलं तर ते बिघडलेलं नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इंदूरची समजतं. 'टाइमडेटसीटीएल', स्पेस, 'सेट-लोकल-आरटीसी', स्पेस, १ एवढी कमांड लिनक्समध्ये दिली की वाद मिटतो. टॅलीच्या व्हाउचरच्या तारखा रात्री उशिरा किंवा पहाटे चुकू नयेत म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

वायफायचा यूएसबी डोंगल ओळखला गेला नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते लगेच समजतं, आणि मग 'ड्रायव्हर मॅनेजर' काय सुचवतं ते बघा. मराठी लिहायला कीबोर्ड सेटिंगमध्ये भारताच्या यादीत 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' आणि कगप (उच्चारानुसार) असे दोन्ही आराखडे आहेत.

प्रिंटर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरगुती दुकानांत दोनच मॉडेल जास्त दिसतात. एचपी लेसरजेट १०२० असेल तर लिनक्समध्ये चालतो. त्याला प्रत्येक वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं, म्हणून एचपीलिपचं (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) प्लगइन एकदा उतरवून घ्यायचं. कॅनन एलबीपी २९०० असेल तर हट्ट करू नका. त्याची छपाईची भाषा कॅननची स्वतःची आहे आणि लिनक्सवर तिचं जमवता जमवता दिवस जातो. पीडीएफ करून डीवर ठेवा आणि विंडोजमधून छापा.

डी दोन्हीकडून लिहिता-वाचता येतो, देवघेव तिथूनच. टॅलीच्या डेटा फोल्डरला लिनक्समधून फक्त बघा, तिथे काही बदलू नका. उलट बाजूने, विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही. कधी चुकून त्याला अक्षर लागलं तर विंडोज अगदी नम्रपणे विचारतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की तिथे 'कॅन्सल'. सहा महिन्यांचं प्रोजेक्ट त्या एका बटणाखाली असतं.

विंडोज १० चे मोफत नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि तिसऱ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून कामाची वाटणी अशी करा: टॅली, छपाई आणि डिजिटल सहीचं टोकन लागणारी कामं विंडोजमध्ये, नेट बँकिंग, मेल, बाकीचं सगळं ब्राउझिंग लिनक्समध्ये.

पुढे कधी विंडोजची दुरुस्ती करताना ग्रब पुसला जाऊन थेट विंडोज उघडू लागलं, तर लिनक्स गेलेलं नसतं, फक्त दारावरची पाटी बदललेली असते. मिंटचाच पेनड्राइव्ह लेगसी मोडने सुरू करा, मेन्यूत 'बूट रिपेअर' आहे, त्याची शिफारस केलेली दुरुस्ती होऊ द्या. म्हणून तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला काढू नका, पाकिटात घालून कॅबिनेटला चिकटवून ठेवा.

आणि लिनक्स काढून टाकायचं ठरलं तर क्रम उलटा करू नका. आधी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बूटरेक', स्पेस, स्लॅश 'फिक्सएमबीआर' द्या, विंडोज एकदा स्वतःहून सुरू होतं आहे हे बघा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. आधीच डिलीट केलंत तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येऊन मशीन तिथेच थांबेल. डेटा सुरक्षित असतो, त्याच पेनड्राइव्हने आणि त्याच कमांडने पुन्हा सुरू होतं. दोन डिस्कवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. एसएसडीची केबल काढली आणि बायोसमध्ये हार्ड डिस्क पहिली केली की झालं.